झोरोची जुनी ब्लॅक अँड व्हाइट सिरियल आज बघण्यासारखी आहे का? एका रविवारात सगळी संपवता येईल का?

बघाच. झोरो म्हणजे काळा मुखवटा घालून तलवार चालवणारा हिरो, आणि सुरुवात १९३९च्या 'झोरोज फायटिंग लीजन'पासून करा. रिपब्लिक पिक्चर्सची आहे, १२ भाग, पब्लिक डोमेनमध्ये गेलीय त्यामुळे फुकट सापडते, फक्त प्रिंट जरा बरी बघून घ्या.

एका रविवारात संपेल हो, पण संपवू नका. तेव्हा ही थेटरात आठवड्याला एक भाग अशी लागायची, भाग संपताना झोरो मेलाच असं दाखवून सोडून द्यायचे आणि पुढच्या आठवड्यात तोच सीन परत दाखवताना मध्ये हळूच एक नवा शॉट घुसवायचे, की बघा, याने तर आधीच उडी मारली होती! आठवडाभराने पोरांना कुठे आठवतंय, खपून जायचं. सलग बघितलं की ही चलाखी लगेच पकडली जाते आणि पाचव्या भागापर्यंत वैताग येतो. रोज रात्री एक, एवढंच बास.

गोष्ट १८२४च्या मेक्सिकोतली. सोन्याच्या खाणीतला माल सरकारपर्यंत पोचू द्यायचा नाही म्हणून डॉन डेल ओरो नावाचा सोनेरी चिलखतातला माणूस याकी या तिथल्या आदिवासी लोकांचा देव बनून त्यांना भडकवतो, आणि तो गावातल्याच मोठ्या लोकांपैकी कुणीतरी असतो. कोण ते सांगत नाही. इतिहास मात्र यात शोधू नका, बेनिटो हुआरेझ राष्ट्राध्यक्ष दाखवलाय, खरा हुआरेझ तेव्हा १८ वर्षांचा पोरगा होता. आणि याकी म्हणजे कुणीही मुखवटा घालून आला की पाया पडणारे भोळसट, हे आज खटकतंच, कारण १८२५मध्ये हुआन बांदेरासच्या नेतृत्वाखाली त्यांनी मेक्सिकन सरकारविरुद्ध खराखुरा उठाव केला होता, तो कितीतरी जास्त थरारक विषय होता.

पण बघायची कशासाठी, तर स्टंटसाठी. झोरो म्हणून नाव रीड हॅडलीचं, उंच माणूस, आवाज पण भारी, पण मास्क चढला की बऱ्याचदा आत याकिमा कनट हा स्टंटमन असतो. घोड्यांवर उडी मारून धावत्या घोडागाडीखालून जायचा त्याचा स्टंट बघा, त्याच वर्षी 'स्टेजकोच' या सिनेमात पण त्याने असलाच केला होता, आणि १९८१च्या इंडियाना जोन्समध्ये ट्रकखालून जायचा सीन आहे ना, तो थेट इथून आलाय. कॉम्प्युटर नाही, काही नाही, खरे घोडे आणि खरा माणूस.

माझं तर मत आहे की मुखवटा हिरोपेक्षा प्रोड्युसरच्या जास्त कामाचा होता. चेहरा दिसत नाही म्हटल्यावर कुणालाही आत घाला आणि जुनं फुटेज परत वापरा. १९४४च्या 'झोरोज ब्लॅक व्हिप'मध्ये झोरो नाहीच, लिंडा स्टर्लिंग काळे कपडे घालून चाबूक चालवते (आपल्याकडे नादियाची 'हंटरवाली' १९३५लाच येऊन गेली होती, हे जाता जाता). मग १९५१ला रिपब्लिकने तेच फुटेज 'डॉन डेअरडेव्हिल राइड्स अगेन'मध्ये घातलं, म्हणून हिरोला तसेच कपडे चढवले, आणि काही शॉटमध्ये नीट बघितलं तर घोड्यावर हिरो नसून लिंडाबाईच आहेत.

त्यामुळे लीजन संपली की ब्लॅक व्हिप घ्या. १९३७ची 'झोरो राइड्स अगेन' पण आहे, पण त्यात झोरोचा पणतू आहे आणि विमानं-बिमानं येतात, मला ती तितकी नाही जमली.