लेप्रिकॉन आयर्लंडचा की स्कॉटलंडचा?

अनुवाद करताना भेटलेला ‘लेप्रिकॉन’ हा लोककथांतला ठेंगू आयरिश मानावा की स्कॉटिश, आणि त्याला मराठीत ‘परी’ म्हटलेले चालेल का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

लेप्रिकॉन निःसंशय आयर्लंडचा आहे. आठव्या शतकाच्या सुमाराच्या मानल्या जाणाऱ्या एका जुन्या आयरिश कथेत आयर्लंडच्या उत्तरेकडील अल्स्टर प्रांताचा राजा फर्गस मॅक लेटी समुद्रकाठी झोपलेला असताना ‘लुखोरपान’ (‘लेप्रिकॉन’चे जुने रूप) नावाचे चिमुकले जीव त्याला पाण्याकडे ओढू लागतात. जाग आल्यावर तो त्यांतल्या तिघांना पकडतो आणि पाण्याखाली पोहण्याची विद्या मिळवूनच त्यांना सोडतो. या कथेत ना चपला शिवणे आहे, ना सोन्याचा हंडा. एकट्याने राहणारा, गुप्तधन राखणारा चांभार हे त्याचे रूप नंतरच्या लोककथांतले आहे. हिरवा पोशाख तर त्याहूनही अलीकडचा, कारण एकोणिसाव्या शतकातल्या वर्णनांत त्याचा अंगरखा बहुधा लाल असतो. ‘लहान’ आणि ‘देह’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून हे नाव झाले, अशी व्युत्पत्ती दीर्घकाळ दिली जात असे. २०१९ मध्ये मात्र केंब्रिज आणि बेलफास्ट येथील कोशकारांनी या नावाचा संबंध प्राचीन रोममधील ‘लुपर्की’ या पुरोहितगटाच्या नावाशी जोडला.

स्कॉटलंडचा म्हणावा असा ठेंगू म्हणजे ब्राउनी. तो मुख्यतः दक्षिणेकडील सखल प्रदेशात आणि लगतच्या उत्तर इंग्लंडमध्ये आढळतो, घरातली माणसे झोपली की झाडलोट आणि मळणी उरकतो, मोबदल्यात दूध-साय किंवा लापशी घेतो, पण कोणी कपडे भेट दिले तर घर सोडून जातो. त्याच्या नावाचे मूळही गेलिक, म्हणजे आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या भाषांतले, नाही.

खरी गुंतागुंत पुढे आहे. टेकाडांच्या पोटात राहणाऱ्या अद्भुत लोकांना आयरिश आणि स्कॉटिश गेलिक या दोन्ही भाषांत उच्चाराने ‘शी’च म्हणतात, केवळ लेखन वेगळे. मृत्यूची चाहूल देत आक्रोश करणाऱ्या ‘बॅन्शी’ या स्त्रीच्या नावातला ‘शी’ तोच. आयर्लंडच्या ईशान्येचे अँट्रिम आणि स्कॉटलंडच्या पश्चिमेचे आर्गाइल यांच्यामधला समुद्र सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम २० किलोमीटरचा आहे, आणि सहाव्या-सातव्या शतकांत दाल रियाटाचे राज्य दोन्ही काठांवर पसरलेले होते, त्यामुळे भाषेबरोबर या समजुतीही सामायिक राहिल्या. स्कॉटलंडमधील ॲबरफॉइल गावचे धर्मोपदेशक रॉबर्ट कर्क यांनी १६९१-९२ च्या सुमारास या लोकांविषयी ग्रंथ लिहिला, तो स्कॉटिश हायलंड्स या डोंगराळ भागातील श्रद्धांवर आधारलेला असला तरी त्यातल्या कितीतरी गोष्टी आयरिश श्रोत्याला परक्या वाटल्या नसत्या. म्हणून ‘हे लोक कोणत्या देशाचे?’ हा प्रश्न लेप्रिकॉन किंवा ब्राउनी या एकेका नावाबद्दल विचारता येतो, ‘शी’बद्दल नाही. शिवाय जुन्या आयरिश कथांतले ‘शी’ बहुधा माणसांएवढेच उंच असतात, हे ‘छोटे लोक’ या शब्दप्रयोगामुळे विसरले जाते.

मराठीत ‘परी’ म्हटले की देखणी, पंख असलेली स्त्री डोळ्यांपुढे येते, म्हणून लेप्रिकॉनसाठी तो शब्द मला अगदी गैर वाटतो. ‘बुटका’ चालेल, पण त्यातून केवळ उंची कळते. मूळ नाव देवनागरीत ठेवून पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘आयरिश लोककथांतला धनराख्या ठेंगू’ एवढा खुलासा द्यावा. ब्राउनीसाठी तसाच खुलासा ‘घरकाम करणारा स्कॉटिश ठेंगू’ असा करता येईल.