टाइप करताना स्क्रीन लॉक, परत आल्यावर काळा पडदा: फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

ताई, तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. चोपडा तालुक्यातल्या गावात आपले सरकार सेवा केंद्र, विंडोज 10 चा असेंबल्ड डेस्कटॉप, 8 जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. अर्ज टाइप करता करता स्क्रीन आपोआप लॉक होते, स्क्रीन सेव्हर 'नन' असूनही. पासवर्ड बरोबर टाकला तरी एक-दोनदा घेत नाही. जेवून आलं की काळा पडदा आणि त्यावर नुसता माउसचा बाण. दुपारच्या वेळी टास्कबार गोठतो, कधी विंडोंवर आडवे पट्टे येतात. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल.

आत्ता फॉरमॅट मारू नका. हा एक बिघाड नाही, तीन-चार वेगवेगळे बिघाड एकाच मशीनवर जमलेत. त्यातले निदान दोन कीबोर्ड आणि उष्णतेचे असावेत, आणि ते फॉरमॅटनंतरही जसेच्या तसे राहतील. दाखल्यांच्या ऐन गर्दीत दोन दिवस मशीन बंद ठेवून हाती काहीच लागायचं नाही.

सगळ्यात आधी लॉक कधी होतं ते नीट बघा. हात कीबोर्डवर चालू असताना लॉक झालं, तर त्याचा सेटिंगमधल्या मिनिटांशी काही संबंध नाही, कारण ते सगळे टायमर कीबोर्ड-माउसला हात लागला की शून्यावर येतात. चालू टायपिंगमध्ये लॉक होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दाबून राहिलेली विंडोज की. विंडोज आणि एल ही दोन बटणं मिळून लॉकचा शॉर्टकट आहे. विंडोज की धुळीने किंवा सांडलेल्या चहाने खाली अडकली असेल, तर एल दाबताक्षणी स्क्रीन लॉक होणार. तुम्ही इनस्क्रिप्टमध्ये (मराठी अक्षरांच्या ठरलेल्या बटण-मांडणीत) टाइप करता, आणि इनस्क्रिप्टमध्ये 'त' एलच्या बटणावर आहे. म्हणजे 'तालुका' लिहायला घेतलं की पहिल्याच अक्षराला लॉक. फोनेटिकवाल्यांना, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिणाऱ्यांना, हाच त्रास 'ल' ला होतो.

याची खूण पक्की आहे. इनस्क्रिप्टमध्ये काना ई वर आहे, आणि विंडोज-ई ने फाइल एक्सप्लोरर उघडतो. 'स' एम वर आहे, विंडोज-एम ने सगळ्या विंडो खाली जातात. दीर्घ वेलांटी आर वर, तिने रनची चौकट येते. पाय मोडायची खूण डी वर, तिने थेट डेस्कटॉप दिसतो. 'रहिवासी' लिहिताना मध्येच सगळ्या विंडो नाहीशा झाल्या किंवा रनची चौकट उघडली, तर दुसरं कारण शोधत बसू नका. स्टार्टमध्ये 'ऑन-स्क्रीन कीबोर्ड' शोधून उघडा आणि हात न लावता बघा. विंडोजचं बटण उजळलेलं दिसलं तर की अडकलेली आहे. पण की अधूनमधूनच चिकटत असेल तर तेव्हा ते दिसणारही नाही, म्हणून शेजाऱ्याचा कीबोर्ड आणून एक दिवस त्यावर काम करणं ही जास्त भरवशाची तपासणी.

की साफ करायची तर आधी मशीन बंद करा आणि कीबोर्डची वायर काढा. डाव्या विंडोज कीचं टोपण प्लास्टिकच्या पातळ पट्टीने वर उचला, खालचा कचरा ब्रशने काढा, चिकटपणा असेल तर कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. जिनिंगच्या भागात कापसाचे बारीक तंतू बटणांखाली जाऊन बसतात, नुसती फुंकर मारून ते निघत नाहीत. साधा मेम्ब्रेन कीबोर्ड आतून भिजला असेल तर नवा घेणंच बरं.

आणखी एक गोष्ट याच जातीची. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की 'स्टिकी कीज' चालू करायचं का, असं विंडोज विचारतं. घाईत 'यस' झालं असेल तर शिफ्ट, कंट्रोल, ऑल्ट आणि विंडोज ही बटणं सोडल्यावरही दाबलेली धरली जातात. सेटिंग्जमध्ये 'ईज ऑफ ॲक्सेस', त्यात 'कीबोर्ड' इथे जाऊन स्टिकी कीज बंद करा, आणि तिच्या शॉर्टकटची टिकही काढा.

आता पासवर्डचं. तो चुकत नाही, बहुतेक भाषा चुकते. मराठी लेआउट चालू असताना स्क्रीन लॉक झाली तर पासवर्डच्या चौकटीतही मराठी लेआउटच राहू शकतो. ठिपके दिसतात, अक्षरं दिसत नाहीत, त्यामुळे पत्ता लागत नाही. लॉक स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण असते. तिच्यावर क्लिक करून इंग्रजी करा, मग पासवर्ड टाका. चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर बोट धरून ठेवलं की काय टाइप झालंय ते दिसतं, पण काउंटरवर माणसं उभी असतील तर तो दाबू नका. पिन वापरत असाल आणि आकडे उजवीकडच्या नमपॅडवरून टाकत असाल तर नमलॉकचा दिवा लागलाय का बघा. वीज जाऊन आल्यावर तो पुष्कळदा बंद असतो.

हात नसताना होणारं लॉक वेगळं. त्याच्या चार जागा आहेत, आणि एक बंद केली तरी दुसरी चालू राहते.

पहिली जागा स्क्रीन सेव्हरची. सेव्हर 'नन' ठेवला म्हणजे लॉक बंद झालं असं नाही. त्याच चौकटीत 'ऑन रिझ्युम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' अशी टिक असते आणि शेजारी 'वेट' चा मिनिटांचा आकडा. टिक असेल तर सेव्हर नसतानाही तेवढ्या मिनिटांनी लॉक होतं. तुमच्याकडे हेच असण्याची शक्यता जास्त वाटते. आकडा 1 असेल तर 10 करा.

दुसरी, 'साइन-इन ऑप्शन्स' मधलं 'रिक्वायर साइन-इन'. हे झोपेतून उठल्यावर पासवर्ड मागायचा की नाही ते ठरवतं. त्याच पानावर खाली 'डायनॅमिक लॉक' आहे, ही तिसरी जागा. ब्लूटूथने जोडलेला मोबाइल लांब गेला की ते मशीन लॉक करतं. मोबाइल जोडला नसेल तर सोडून द्या. चौथी जागा विंडोज प्रोमध्येच सापडते: 'लोकल सिक्युरिटी पॉलिसी', त्यात 'लोकल पॉलिसीज', त्यात 'सिक्युरिटी ऑप्शन्स', आणि तिथे 'इंटरॲक्टिव्ह लॉगऑन: मशीन इनॲक्टिव्हिटी लिमिट'. हा आकडा सेकंदांत असतो. मशीन आधी एखाद्या ऑफिसात वापरलेलं असेल, सेकंडहँड घेतलं असेल, तर इथे काहीतरी भरलेलं सापडतं.

लॉक पूर्ण बंद मात्र करू नका, हे मनापासून सांगतो. तुमच्या स्क्रीनवर लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, जातीचे दाखले उघडे असतात. 10 मिनिटांचं लॉक राहू द्या, आणि खुर्चीवरून उठताना विंडोज-एल दाबायची सवय लावा.

काळा पडदा हा वेगळा विषय, आणि त्यात आधी बाण दिसतो की नाही हे बघायचं. बाण दिसतोय म्हणजे मॉनिटर, केबल आणि ग्राफिक्स चालू आहेत, फक्त डेस्कटॉप दाखवणारा एक्सप्लोरर बंद पडला आहे. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडला तर यादीत 'विंडोज एक्सप्लोरर' वर राइट क्लिक करून 'रीस्टार्ट' करा. यादीत तो नसेलच तर 'फाइल', 'रन न्यू टास्क', आणि तिथे एक्सप्लोरर असं इंग्रजीत टाइप करून एंटर. ब्राउझरमध्ये अर्धवट भरलेला अर्ज याने जात नाही. फक्त उघडे फोल्डर बंद होतात, आणि पेन ड्राइव्हवर काही कॉपी होत असेल तर ते तुटतं. टास्कबार गोठला तरी उपाय हाच.

बाणही नसेल तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चारही बटणं एकदम दाबा. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावर चित्र आणणारं सॉफ्टवेअर) नव्याने सुरू होतो, एक छोटासा बीप येतो आणि पडदा लखलखतो. बीप आला पण चित्र आलं नाही, तर केबल किंवा मॉनिटर बघा. बीपही नाही, कॅप्सलॉकचा दिवाही बदलत नाही, तर मशीनच अडकलंय. पॉवरचं बटण दाबून धरून बंद करण्यावाचून इलाज नाही.

हे रोज जेवणानंतरच होतं यावरून झोपेतून उठताना ड्रायव्हर अडखळतो असं वाटतं. खात्री विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे 'इव्हेंट व्ह्यूअर' मध्ये होते. 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिस्टम'. जेवायला गेलात त्या वेळेच्या आसपास 'कर्नल-पॉवर' ची 42 क्रमांकाची नोंद असेल तर मशीन झोपलं होतं. 'डिस्प्ले' ची 4101 असेल तर ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं आणि विंडोजने तो परत उभा केला. ग्राफिक्सकडून साधारण 2 सेकंद प्रतिसाद आला नाही की विंडोज असं करतं. आणि 'कर्नल-पॉवर' 41 म्हणजे मशीन नीट बंद न होता बंद पडलं. आपल्याकडे ही नोंद बहुतेक वेळा वीज गेल्याची असते. 42 आणि 4101 दोन्ही सापडल्या तर मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर घेऊन टाका. त्रास ड्रायव्हर बदलल्यावरच सुरू झाला असेल तर 'डिव्हाइस मॅनेजर' मध्ये 'डिस्प्ले अडॅप्टर्स', 'प्रॉपर्टीज', 'रोल बॅक ड्रायव्हर'. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव दिसलं तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही.

सोबत 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात, त्यामुळे कालचा घोटाळाही सोबत येतो. 'रीस्टार्ट' मध्ये हे होत नाही. म्हणून बंद करून चालू केल्यावर न जाणारा त्रास रीस्टार्टने जातो. कंट्रोल पॅनेल, 'पॉवर ऑप्शन्स', 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल', आणि खालची टिक काढा. सकाळी चालू व्हायला काही सेकंद जास्त लागतील, तेवढंच.

यूपीएस यूएसबी केबलने मशीनला जोडला असेल तर एक बारकावा आहे. विंडोज त्याला लॅपटॉपच्या बॅटरीसारखा धरतं. वीज गेली की 'ऑन बॅटरी' चे टायमर लागू होतात आणि ते आखूड असतात. तुम्ही अर्जदाराशी बोलेपर्यंत मशीन झोपतं. 'पॉवर अँड स्लीप' मध्ये बॅटरीचे आकडे वेगळे दिसत असतील तर ते बदला, पण यूपीएस जेवढा वेळ खरोखर टिकतो त्याच्या आतच ठेवा. शिवाय मॉनिटरही यूपीएसवरच हवा. तो थेट विजेच्या बोर्डावर असेल तर वीज गेल्यावर पडदा काळा आणि मशीन चालूच, यालाही लोक बिघाड समजतात. 600 व्हीएच्या यूपीएसमधली 12 व्होल्ट 7 एएचची बॅटरी उन्हाळ्यात लवकर मरते. दोन-तीन वर्षं झाली असतील तर बदलून घ्या.

राहिले दुपारचे पट्टे. पट्टे दिसत असतानाच प्रिंट स्क्रीनने स्क्रीनशॉट घ्या आणि तो मोबाइलवर पाठवून तिथे बघा. मोबाइलवरच्या चित्रातही पट्टे असतील तर गडबड मशीनच्या आत आहे, ड्रायव्हर किंवा रॅममध्ये. चित्र स्वच्छ असेल तर केबल, व्हीजीएचे स्क्रू, एचडीएमआयचा कन्व्हर्टर किंवा मॉनिटर. पट्टे फक्त ब्राउझरमध्येच दिसत असतील तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये 'सिस्टम' खाली ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

वेगळं कार्ड नसल्यामुळे तुमचं ग्राफिक्स रॅममधलीच जागा वापरतं, म्हणून रॅमचा सैल किंवा काळवंडलेला संपर्क पट्ट्यांच्या रूपात दिसतो. वायर काढा, पॉवरचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलेला विद्युतभार जाऊ द्या, रॅम काढून तिचे सोनेरी पाय पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या बसेपर्यंत परत दाबा. त्याच बैठकीत प्रोसेसरचा पंखा साफ करा. ब्लोअर मारताना पात्याला बोट लावून पंखा अडवून धरा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग खराब होतं. एप्रिल-मेमध्ये जळगाव जिल्ह्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, पत्र्याखालच्या खोलीत त्याहून जास्त. कापसाच्या तंतूंनी हीटसिंक (प्रोसेसरवरची उष्णता काढणारी धातूची जाळी) बुजलेला असेल तर प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो आणि टास्कबार, स्टार्ट मेनू सगळंच अडखळतं. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाळून भुगा झाली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावा.

एवढं करूनही 41 च्या नोंदी भरपूर असतील तर अचानक वीज गेल्याने सिस्टमच्या फाइली बिघडलेल्या असू शकतात. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिझमची (DISM, विंडोजचा फाइलींचा साठा दुरुस्त करणारी कमांड) 'रीस्टोअर हेल्थ', मग 'सिस्टम फाइल चेकर' चालवा, याच क्रमाने, कारण दुसरा पहिल्याने दुरुस्त केलेल्या साठ्यातून फाइली उचलतो. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये हार्ड डिस्क 'कॉशन' दाखवत असेल तर आधी डेटा दुसरीकडे घ्या, डिस्क बदला. तेव्हा विंडोज नव्याने टाकावंच लागेल, आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलेला असल्याने मशीन विंडोज 11 च्या अटींत बसतं का तेही त्याच वेळी बघून घ्या. त्याआधी डिजिटल सिग्नेचरच्या टोकनचा ड्रायव्हर, बायोमेट्रिक यंत्राची आरडी सर्व्हिस (ते यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर), प्रिंटर-स्कॅनरचे ड्रायव्हर आणि डेस्कटॉप, डाउनलोड्समधल्या अर्जांच्या पीडीएफ वेगळ्या काढून ठेवा. दुरुस्तीवाले सी ड्राइव्ह उडवताना हे विचारत नाहीत.

दुसऱ्या कीबोर्डवर दिवसभरात लॉक झालं का, इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कुठले आकडे दिसले आणि स्क्रीनशॉटमध्ये पट्टे होते का, हे कळवा. त्यावरून पुढचं सांगता येईल.