टॉनिकची बाटली परत घे

बेटा,
अनेक आशीर्वाद.

रात्री साडेअकराला पाठवलेला तुझा मेसेज मी पहाटे वाचला. लगेच फोन करणार होतो, पण फोनवर तू नुसतं "हो आप्पा, हो आप्पा" करशील आणि मुद्द्याचं बोलणं राहून जाईल. म्हणून सावकाश लिहितोय.

मला समजलं ते असं. मक्यातलं तण मारायला तू एका शेतकऱ्याला टू-फोर-डी दिलंस. मक्याला ते चालतं, तिथे तुझं काही चुकलं नाही. तणनाशकाचा फवारणीपंप वेगळा ठेवा, हे सांगायचं मात्र राहिलं. दहा दिवसांनी त्याने त्याच पंपाने कपाशीवर तुडतुड्यांचं औषध मारलं. आता शेंड्याची पानं भेंडीच्या पानांसारखी लांबट, चिरलेली निघताहेत. तो फांदी घेऊन दुकानात आला. मालक म्हणाले, व्हायरस आहे. आणि कारण ओळखूनसुद्धा तू टॉनिकची बाटली काढून काउंटरवर ठेवलीस.

मेसेजमध्ये पंपाबद्दल तू पानभर लिहिलंयस आणि टॉनिकबद्दल एक ओळ. मला त्या एका ओळीबद्दल बोलायचंय.

२००४ सालची गोष्ट. मी तेव्हा ठिबकच्या एका विक्रेत्याकडे नोकरीला होतो. चोपडा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची तीन एकर केळी माझ्या सल्ल्यावर होती. पाच बाय पाच फुटांवरची लागवड, म्हणजे एकरी साडेसतराशेच्या आसपास झाडं. कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, मे महिना, बाग निसवायला, म्हणजे घड बाहेर पडायला आलेली. त्याने विचारलं, कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट (हे फॉस्फेटचं खत) दोन्ही द्यायचंय, कसं देऊ? मी मोटारसायकलवर बसता बसता सांगून टाकलं, एकाच टाकीत कालव आणि सोड. कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र आले की पांढरा साका धरतो, हे मी शिकलेलो होतो. त्या क्षणी ते डोक्यात आलं नाही, एवढंच.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "भाऊ, पानी दूधसारखं दिखी ऱ्हायनं." फोन कानाला असतानाच मला सगळं कळलं. पोटात गोळा आला. आणि तोंडातून निघालं, "काही नाही, ढवळत राहा, विरघळेल."

तेव्हा त्याच्याकडे विजेची पाळी रात्रीची होती. तो जागा राहिला, माझ्या शब्दावर ढवळत राहिला, आणि सगळी टाकी व्हेंचुरीतून, म्हणजे ठिबकच्या पाण्यात खत ओढणाऱ्या नळीतून, बागेत गेली. फोनवरच मी "सोडू नकोस, ओतून दे" म्हटलं असतं, तर त्याचं नुकसान दोन गोण्या खताचं झालं असतं. टाकीत कालवायला सांगितलं ती चूक होती. पुढच्या चार तासांत जे झालं त्याला मी आजही चूक म्हणत नाही. मला कळलेलं होतं आणि मी ते दाबलं.

तिसऱ्या दिवशी गेलो. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीचं ऊन. बागेच्या शेवटच्या टोकाला पानं दोन्ही बाजूंनी मिटून खाली लोंबत होती. नळीखालची माती कोरडी फटक. मी ब्लेडने नळी उभी चिरली. आत भिजवलेल्या चुन्यासारखा पांढरा लगदा, बोटाला चिकटेल असा. तो शेजारीच उभा होता. त्याने नळी हातात घेतली, बोटाने खरवडून पाहिलं आणि मला विचारलं, "आते काय करानं?"

तेव्हा सांगितलं. फोनवरच मला कळलं होतं, हेही सांगितलं. मग आम्ही फिल्टर धुतले, ॲसिड आणलं. पाण्यात ॲसिड सोडायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही, हे मी मजुरांना दर वेळी बजावत होतो. लिटमस कागदाने मोजत प्रत्येक सबमेनला, म्हणजे ठिबकच्या नळ्यांना पाणी देणाऱ्या पाइपला, ॲसिडचं पाणी दिलं, चोवीस तास नळ्यांत ठेवलं, मग टोकं उघडून फ्लश केलं. दोनदा केलं. बऱ्याचशा नळ्या सुटल्या, शेवटच्या ओळींतल्या नाही सुटल्या. तिथले घड हलके पडले ते पडलेच.

पुढची दोन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. हे तुला मुद्दाम सांगतोय, कारण कबुली दिली की माफी मिळते असं तुझ्या मनात असेल, तर ते आधीच काढून टाक. त्याचा राग रास्त होता. मी सांगितलं ते माफीसाठी नव्हतं. खरं कारण कळल्याशिवाय त्याला योग्य उपाय करता येत नव्हता, म्हणून सांगितलं. आणि ते तीन दिवस उशिरा सांगितलं.

आता तुझं. त्या शेतकऱ्याला वाटतंय की व्हायरस आहे. म्हणजे तो आज टॉनिक मारेल, चार दिवसांनी आणखी काही मारेल. आणि बहुतेक त्याच पंपाने मारेल, म्हणजे थोडं थोडं टू-फोर-डी पुन्हा कपाशीवर जाईल. तुझं गप्प राहणं असं रोज त्याच्या शेतात फिरतंय. म्हणून थांबू नकोस.

आज रात्रीच मालकांना सांग. परवानगी मागू नकोस. "उद्या सकाळी मी त्यांच्याकडे जाऊन खरं कारण सांगणार आहे, आधी तुमच्या कानावर घालते," एवढंच. ते चिडतील. दुकानाचं नाव जाईल म्हणतील. शांतपणे ऐकून घे आणि सकाळी जा. नोकरीची भीती मला कळते, घरचं मला माहीत आहे. तरी सांगतोय. आपल्या भागात कपाशी गल्लोगल्ली आहे, ही पानं ओळखणारा माणूस त्याला आठवड्याभरात भेटेलच. तेव्हा त्याला तुझ्याकडून आधी कळलेलं असलं पाहिजे.

आणि हो, ती दुसरी भीतीही मला दिसली, जी तू लिहिली नाहीस. काउंटरवर बसलेली मुलगी चुकली की "पोरीला काय कळतं शेतीतलं" असं म्हणणारे टपलेलेच असतात. पोरगा चुकला तर एक फवारणी चुकते, पोरगी चुकली तर तिचं शिक्षणच काढतात. हा अन्याय आहे आणि मला त्याचा संताप येतो. पण तेवढ्यासाठी तू लपवायला शिकलीस, तर त्यांना जे म्हणायचंय ते तूच खरं करून दिल्यासारखं होईल.

त्याच्याकडे गेलीस की आधी पंप माग. नळी, वायसर, नोझल, सगळ्यात ते औषध धरून राहतं. साध्या पाण्याने दोनदा खळबळून ते जात नाही, आणि कपाशीला त्याचा अगदी अंशसुद्धा पुरतो. मका, ज्वारी, गहू गवतवर्गातले म्हणून तगतात, कपाशी रुंद पानांची. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने पंप धुऊन, ते पाणी रात्रभर आत ठेवून पुन्हा धुतात. तरी मी म्हणेन, तो पंप आता तणनाशकालाच ठेवा. कपाशीवर उतारा असा काही नाही हे स्पष्ट सांग. मात्रा कमी गेली असेल तर पुढची फूट चांगली निघते. बिघडलेले शेंडे खुडायचे, जमिनीत ओल ठेवायची, दीड-दोन टक्के युरियाची फवारणी द्यायची, अर्थातच दुसऱ्या पंपाने. ममुराबादच्या कृषी विज्ञान केंद्रात फांदी दाखवून हे पक्कं करून घे, माझ्या एकट्याच्या शब्दावर जाऊ नकोस. त्याने तालुक्याच्या तक्रार निवारण समितीकडे अर्ज करायचं ठरवलं, तर अडवू नकोस. पाहणीच्या दिवशी तिथे उभी राहा.

टॉनिकची बाटली परत घे. फोडली असली तरी घे आणि पैसे परत दे. मालक देत नसतील तर पगारातून दे.

पुढच्यासाठी तू लिहिलंयस, "यापुढे नीट लक्ष देईन." बेटा, हे मीही केळीच्या वेळी ठरवलं होतं आणि महिन्याभरात विसरलो होतो. जुलैत सकाळी सातला दुकान उघडतं, एका वेळी आठ माणसं काउंटरवर, कुणाची बैलगाडी उभी, कुणाची एस.टी. सुटतेय. तिथे लक्ष राहत नाही, कुणाचंच नाही. मला उपयोग झाला तो एका काचेच्या बाटलीचा. तेव्हापासून ती माझ्या पिशवीत असायची. दोन खतं एकत्र द्यायची म्हटलं की त्याच प्रमाणात, त्याच विहिरीच्या पाण्यात बाटलीत कालवायची आणि अर्धा तास बांधावर ठेवायची. पाणी गढूळलं तर नाही म्हणायचं. माझी आठवण दगा देई, बाटली देत नसे.

तुझ्यासाठी मला एक सुचतंय. लाल चिकटपट्टीचं रीळ आणून टू-फोर-डीच्या कपाटात ठेव, औषधाला लागूनच. बाटली काढायला हात घातला की रीळ हाताला लागेल. पट्टी फाडून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची: ही पंपाला लावा, हा पंप कपाशीत न्यायचा नाही. आणि विचारायचं, शेजारच्या बांधाला काय आहे? कपाशी असली तर वाऱ्यात फवारू नका म्हणायचं, तुषार उडून जातात. मालक यातल्या एकालाही नाही म्हणणार नाहीत, रीळ तीस-चाळीस रुपयांचं येतं.

उद्या सकाळी सहालाच निघ, उन्हं चढली की तो शेतात सापडायचा नाही. मी आठच्या गाडीने येतो आणि स्टँडवर थांबतो. त्याच्याकडे तू एकटीच जा, मी सोबत दिसलो तर तो माझ्याशी बोलेल आणि तुझं बोलणं राहील. परत येताना फांदी घेऊन ये. फोटो नको, फांदीच आण. तिथूनच ममुराबादला जाऊ.

तुझा,
आप्पा