प्राण्यांची सोन्याची नाणी आणि न संपणारी मालिका

प्रश्न : दरवर्षी प्राण्याचे नवे चित्र घेऊन येणारी सोन्याची बुलियन नाणी (म्हणजे मुख्यतः धातूच्या वजनावर विकली जाणारी) जमवण्याचा माझा विचार आहे. सुरुवात कोणत्या मालिकेने करावी आणि मागील वर्षांच्या नाण्यांसाठी मागितली जाणारी जादा किंमत द्यावी का?

उत्तर : मालिका निवडताना प्राण्याइतकाच तिच्या लांबीचाही विचार करावा. चीनचा पांडा १९८२ पासून निघतो आहे. ऑस्ट्रेलियातील पर्थ टांकसाळीच्या ज्या नाण्यावर १९८६ मध्ये नैसर्गिक सोन्याच्या गोळ्यांची चित्रे होती, त्यावर पुढे कांगारू आला आणि तोही दरवर्षी पवित्रा बदलत राहिला आहे. या दोन्ही मालिकांना शेवट नाही. त्याच टांकसाळीची बारा प्राण्यांच्या चिनी वर्षचक्रावरील मालिका मात्र बारा नाण्यांत पुरी होते : पहिली १९९६ ते २००७, दुसरी २००८ ते २०१९ आणि तिसरी २०२० मध्ये उंदरापासून सुरू झाली. नवख्या संग्राहकाने हीच घ्यावी, असे मला वाटते. सगळी नाणी एकाच वजनाची असावीत. फार लहान नाणी मोहक दिसतात, पण त्यांवर दर ग्रॅममागे घडणावळ अधिक पडते.

मन पांडावरच जडले असेल, तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २००२ चे चित्र २००१ चेच आहे, कारण तेव्हा चित्र कायम ठेवण्याचे ठरले होते. संग्राहकांना ते रुचले नाही आणि २००३ पासून बदल पुन्हा सुरू झाला. शिवाय एक ट्रॉय औंसाचे, म्हणजे ३१.१ ग्रॅमचे नाणे २०१६ पासून ३० ग्रॅमचे झाले. जुन्या-नव्या नाण्यांच्या किमती नुसत्या शेजारी मांडणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

जादा किंमत ही चित्राची, किती नाणी पाडली गेली याची आणि नाण्याच्या स्थितीची असते. विकताना ती परत मिळेलच असे नाही. पुष्कळ व्यापारी वजनाचेच पैसे मोजतात. म्हणून ती हौसेपोटी द्यावी, नफ्याच्या हिशेबाने नव्हे. स्थितीबाबत मात्र कसूर नको. शुद्ध सोने मऊ असते. पांडाच्या गालावर अंगठा टेकला की ठसा राहतो आणि तो कापडाने घासला की बारीक चरे पडतात, म्हणून नाणे नेहमी कडेनेच धरावे. टांकसाळीचे वेष्टन शाबूत असल्यास ते फोडू नये.

जुने नाणे घेताना वजन जुळले एवढ्यावर विसंबू नये. टंगस्टनची घनता १९.२५ आणि सोन्याची १९.३ असल्यामुळे आत टंगस्टन भरलेले बनावट नाणे तराजूला सहज फसवते. विद्युतवाहकता तपासणाऱ्या यंत्रावर ते पारखून घ्यावे.