मीठ, मृष्ट आणि ‘सीझनिंग’

एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. घरच्या स्वयंपाकाला ‘सीझनिंग करणे’ यासाठी मराठी शब्द कोणता, जेवायला बसलेल्या पाहुण्याला ‘मीठ पास करू का’ असे विचारण्याऐवजी काय म्हणावे, आणि मीठ कमी पडलेल्या पदार्थाला ‘अळणी’ म्हटलेले चालेल का, असे ते प्रश्न आहेत. पाककृती सांगणाऱ्यांच्या तोंडून ‘मीठ टाका’, ‘मीठ ॲड करा’ आणि ‘स्वादानुसार मीठ’ हे प्रयोग इतक्यांदा ऐकावे लागतात की, या विषयावर कोणी आपणहून विचारले याचाच मला आनंद झाला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे असल्यामुळे ते आधी देतो. मराठीत ठराव पास होतो आणि विद्यार्थी पास होतो; मीठ पास होत नाही. यजमानाने ‘मीठ वाढू का?’ किंवा ‘मीठ हवे का?’ असे विचारावे. पाहुण्याने ‘मीठ जरा इकडे करता का?’ असे म्हणावे. स्वयंपाक करणाऱ्याला आपल्या हाताची खात्री नसेल, तर ‘मीठ बेतानेच घातले आहे, लागेल तसे वरून घ्या’ हे वाक्य मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. त्यात पाहुण्याच्या जिभेचा मानही राखला जातो आणि पदार्थाची निंदाही होत नाही. ‘वाढणे’ हे क्रियापदही जुने आहे. पालीत ‘भत्तं वड्ढेति’ म्हणजे भात वाढतो, अन्न ताटात काढून देतो. इतके भक्कम क्रियापद हाताशी असताना ‘सर्व्ह करू का’ कशासाठी म्हणायचे, हे मला कळत नाही.

आता ‘सीझनिंग’. या नामाला एकच मराठी नाम शोधण्याचा आग्रह मला पटत नाही, कारण मराठीने हे काम नामाकडे न देता क्रियापदांकडे दिले आहे. शिजणाऱ्या पदार्थात मीठ घालतात, चिरलेल्या फोडींना मीठ लावतात, मीठ आत मुरावे म्हणून ते चोळतात, तयार पदार्थावर भुरभुरतात आणि ताटात वाढतात. या पाच क्रियापदांत मीठ कधी पडले, कुठे पडले आणि किती आत गेले, हे सगळे न सांगता कळते. ‘सीझनिंग केले’ असे म्हटल्यावर यांपैकी काहीच कळत नाही. हा भेद आपल्याकडे फार पूर्वीपासून जपला गेला आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत ‘संस्कृतम्’ (४.४.३) म्हणजे एखाद्या द्रव्याने संस्कार केलेले, ‘संसृष्टे’ (४.४.२२) म्हणजे त्यात मिसळलेले आणि ‘व्यञ्जनैरुपसिक्ते’ (४.४.२६) म्हणजे वरून चव आणणारे काही ओतून ओलावलेले, अशी वेगवेगळी सूत्रे आहेत. मिठासाठी तर ‘लवणाल्लुक्’ (४.४.२४) हे स्वतंत्र सूत्र आहे. त्याचा अर्थ असा की, मीठ मिसळलेले या अर्थी लवण शब्दाला लागणारा प्रत्यय लोपतो, आणि म्हणून मीठ घातलेल्या सूपाला, म्हणजे वरणाला, नुसते ‘लवणः सूपः’ असे म्हणतात. व्याकरणकाराने मिठाच्या कालवण्यासाठी एक सूत्र खर्ची घातले, यावरून स्वयंपाकघरातली भाषा किती बारकाईने ऐकली जात होती ते दिसते.

‘मीठ टाका’ हा प्रयोग मला सर्वांत जास्त खटकतो. हिंदीतल्या ‘नमक डालिए’चे हे आंधळे रूपांतर आहे. काही बोलींत ‘टाकणे’ या अर्थी स्वाभाविकपणे येते, आणि तिथे ते बोलणाऱ्याला मी कधीही अडवणार नाही. परंतु लिखित पाककृतीत ‘घालणे’ उपलब्ध असताना ‘टाकणे’ वापरणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, प्रमाण मराठीत टाकण्यामागे लक्ष काढून घेण्याची, सोडून देण्याची छटा असते. आपण कचरा टाकतो, अंगावरचे काम टाकतो, टाकून बोलतो. खुद्द मिठाच्या बाबतीत भाषेने आपला कौल दिलेलाच आहे. दुधात मिठाचा खडा ‘टाकतात’, तो दूध नासवण्यासाठी. चव यावी म्हणून जे पडते, ते घातलेले असते. ‘स्वादानुसार’बद्दल वेगळे काय सांगायचे? ‘चवीनुसार’ आणि त्याहूनही नेमके ‘चवीपुरते’ असे दोन शब्द आपल्याकडे असताना हा तिसरा पाहुणा बोलावण्याची गरजच नव्हती.

‘अळणी’विषयी माझे मत स्पष्ट आहे. अळणी म्हणजे मीठच नसलेले. हा शब्द संस्कृत ‘अलवण’पासून आला आहे. ‘लवण’चे प्राकृतात ‘लोण’ झाले, त्यातून हिंदीत ‘अलोना’ आणि मराठीत ‘अळणी’ अशी रूपे झाली. आरंभीचा ‘अ’ हा नकाराचा ‘अ’ आहे, कमतरतेचा नव्हे. म्हणून मीठ घालायचे राहून गेले असेल तर पदार्थ अळणी होतो. घातले आहे पण पुरेसे नाही, अशा वेळी ‘मिठाला कमी आहे’ किंवा ‘मीठ लागत नाही’ असे म्हणावे. ‘सपक’ वेगळे, त्यात मिठाबरोबर तिखटाचीही उणीव येते. ‘मिळमिळीत’ आणखी वेगळे, ते माणसांना आणि भाषणांनाही लागते. ‘बेचव’ हा सरसकट निकाल आहे, त्यात नेमके काय चुकले ते सांगितलेले नसते. काही जण म्हणतात की आता अळणीचा अर्थ सैल झाला आहे आणि तो तसाच स्वीकारावा. मला हे मान्य नाही. अर्थ सैल झाल्याने भाषेला नवे काही मिळत नाही, उलट पथ्याचे बिनमिठाचे जेवण आणि मीठ जरासे कमी पडलेले जेवण यांतला फरक एका शब्दात सांगण्याची सोय मात्र जाते. याच न्यायाने ‘खारा’ आणि ‘खारट’ हेही वेगळे ठेवावेत. दोन्ही ‘क्षार’पासून आले आहेत, पण खारे म्हणजे मुळातच किंवा मुद्दाम तसे केलेले, आणि खारट म्हणजे मीठ प्रमाणाबाहेर गेलेले. तेलकट, मळकट, पाणचट या शब्दांच्या शेवटी जी नावड ऐकू येते, तीच इथेही आहे.

परंतु ज्या शब्दावरून हे सगळे सुरू झाले, त्या ‘मीठ’ शब्दाविषयी वाचकाने काहीच विचारले नाही, याचे मला नवल वाटते. या संपूर्ण चर्चेतली सर्वांत सुंदर व्युत्पत्ती त्याचीच आहे. मराठी ‘मीठ’ आणि हिंदी ‘मीठा’ हे सख्खे भाऊ आहेत. दोघांचे मूळ संस्कृत ‘मृष्ट’. ‘मृज्’ म्हणजे पुसणे, घासणे, स्वच्छ करणे. त्याचे भूतकालवाचक विशेषण मृष्ट, म्हणजे घासूनपुसून लख्ख केलेले. त्यावरून नीट सिद्ध केलेले आणि म्हणून रुचकर असा अर्थ आला, आणि रामायणातही अन्नाला हे विशेषण लागलेले आढळते. आपण आज ज्याला ‘मिष्टान्न’ म्हणतो, त्यातले ‘मिष्ट’ हे याच मृष्टाचे नंतरचे रूप आहे. ध्वनींचा प्रवासही सरळ आहे. ‘दृष्टि’चे प्राकृतात ‘दिट्ठि’ आणि मराठीत ‘दीठ’ झाले, ‘धृष्ट’चे ‘धिट्ठ’ आणि पुढे ‘धीट’ झाले, ‘पिष्ट’चे ‘पिट्ठ’ आणि पुढे ‘पीठ’ झाले. तसेच ‘मृष्ट’चे ‘मिट्ठ’ आणि पुढे ‘मीठ’ झाले. टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या १९६६ च्या तौलनिक कोशातही हे शब्द ‘मृष्ट’खालीच एकत्र दिले आहेत. पीठ आणि मीठ यांची जोडी लक्षात ठेवली, तर शुद्धलेखनाचीही एक अडचण सुटते. विभक्ती लागताना पीठचे ‘पिठात’ होते, तसे मीठचे ‘मिठाचे’ होते. वाचकाने आपल्या पत्रात ‘मीठाचे’ असे लिहिले आहे, ते दुरुस्त करावे.

आता खाऱ्या पदार्थाला ‘रुचकर’ या अर्थाचे नाव कसे मिळाले, हा प्रश्न उरतो. यावर एक मत असे मांडले जाते की, मिठाचे नाव घेणे अशुभ मानत असल्यामुळे त्याला मुद्दाम उलट नाव, म्हणजे ‘गोड’, दिले गेले. दिवा विझवणे न म्हणता दिवा मालवणे म्हणतात, बांगडी फुटली न म्हणता वाढवली म्हणतात, त्याच रांगेत हे मत ‘मीठ’ला बसवते. हे मत आकर्षक असल्यामुळे ते वारंवार उद्धृत होते, परंतु ते चुकीच्या जागी उभे आहे. उलट नाव ठेवायचे तर ‘मिट्ठ’चा अर्थ आधीच साखरेसारखा गोड असा पक्का असायला हवा. तो तसा नव्हता. मृष्टचा अर्थ रुचकर होता, आणि अन्नाला रुची आणणारा पहिला पदार्थ मीठ आहे. त्याला रुचकर म्हणण्यात उलटेपणा कुठे आहे? ते तर त्याचे अगदी सरळ, यथार्थ नाव आहे. शुभाशुभाची कल्पना इथे आणणाऱ्यांनी आजच्या हिंदीतला ‘मीठा’ प्राचीन प्राकृतावर लादला आहे.

याचा पुरावा लांब शोधायला नको, तो मराठीच्या ‘गोड’ शब्दातच आहे. गोड हा तर उघडउघड गुळाच्या घराण्यातला शब्द, संस्कृत ‘गुड’चा नातलग. तरीही आपण ‘जेवण गोड लागले’ असे म्हणतो तेव्हा त्या जेवणात गुळाचा खडाही नसेल. यजमान ‘जे आहे ते गोड मानून घ्या’ असे म्हणतो, त्यात कोणी साखर शोधत नाही. गोडे पाणी म्हणजे साखरेचे पाणी नव्हे, तर खारे नसलेले, पिण्याजोगे पाणी. गुळासारख्या ठोस वस्तूवरून निघालेला शब्द जर ‘रुचकर’पर्यंत पसरू शकतो, तर मुळातच रुचकर असा अर्थ असलेला मृष्ट एकीकडे साखरेच्या आणि दुसरीकडे मिठाच्या वाट्याला जावा, यात काहीच अवघड नाही.

मग हिंदीत तो साखरेकडे आणि मराठीत मिठाकडे का गेला? इथे मी माझा तर्क मांडतो, आणि तो मला वर्षानुवर्षे अधिकाधिक पटत आला आहे. शब्द रिकाम्या जागी बसतात. मराठीत साखरेच्या चवीसाठी ‘गोड’ हा शब्द ठाण मांडून बसला, म्हणून मीठ मिठाकडे वळले. हिंदीत मिठासाठी आधी ‘लोन’ किंवा ‘नोन’ होते आणि पुढे फारसीतून ‘नमक’ आले. मिठाची जागा भरलेलीच होती, म्हणून मीठा साखरेकडे गेला. गुजराती या दोघींच्या मध्ये उभी आहे आणि तिची साक्ष मोलाची आहे. तिथे ‘मीठुं’ म्हणजे गोडही आणि मीठही, आणि नुसत्या साखरेच्या चवीसाठी ‘गळ्युं’ असा वेगळा शब्दही आहे. म्हणजे एकाच शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकाच घरात आजही सुखाने नांदतात. शुभशब्दाचा सिद्धांत मानणाऱ्यांना हिंदी आणि मराठी यांतला हा फरक समजावून सांगता येत नाही. रिकाम्या जागेच्या तर्काने तो सांगता येतो.

मीठ असे मुख्य जागी येऊन बसल्यावर जुने ‘लवण’ मराठीतून गेले नाही, ते जोडशब्दांच्या आणि साधित शब्दांच्या आत जाऊन राहिले. अळणीत ते आहे, लोणच्यात आहे, लोणार आणि लोणारी यांत आहे. ‘लावण्य’ हा शब्दही त्याचाच आहे: खारेपणा, आणि त्यावरून रूपाला चव आणणारा गुण. हिंदीतल्या ‘सलोना’मध्येही ‘स-लवण’ हेच आहे. मात्र लोणी या कुळातले नाही. लोणी हे ‘नवनीत’पासून, आरंभीच्या ‘न’चा ‘ल’ होऊन आले आहे. लोणी आणि लोणचे यांचे नाते लावणाऱ्यांनी निदान मिठाचा आणि लोण्याचा काय संबंध आहे, एवढा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता.

पाहुण्यापुढे मीठ ठेवण्याविषयी विचारले आहे म्हणून शेवटी एक जुने उदाहरण देतो. शब्दाचा अर्थ प्रसंगावरून कसा ठरतो, हे शिकवताना संस्कृत शास्त्रकार ‘सैन्धवमानय’, म्हणजे ‘सैंधव आण’, हे वाक्य घेतात. सैंधव म्हणजे सिंधुदेशातले, आणि त्या देशातून घोडेही येत आणि खनिज मीठही येई. निघण्याच्या तयारीत असलेल्याने असे म्हटले, तर घोडा आणायचा. जेवायला बसलेल्याने म्हटले, तर मीठ आणायचे. जेवणाऱ्याने मीठ मागणे ही इतकी रोजची गोष्ट होती की, अर्थनिर्णयाचे हे उदाहरण ऐकणाऱ्याला ते वेगळे समजावून सांगावे लागले नाही. त्याच सैंधवाला मराठीत ‘शेंदेलोण’ म्हणतात. त्यातले ‘शेंदे’ म्हणजे सैंधव, आणि ‘लोण’ म्हणजे पुन्हा तेच लवण.