रक्त न चढवता तीव्र रक्तक्षयावर आयसीयूत उपचार होऊ शकतात का?

आपण विचारले आहे ते असे: बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने वहिनींचे हिमोग्लोबिन ४.२ ग्रॅमवर आले आहे, त्या व्हेंटिलेटरवर आहेत, रक्तगट ‘बॉम्बे’ निघाल्यामुळे रक्तपेढीत जुळणारी पिशवी मिळत नाही आणि डॉक्टर ‘तूर्त रक्ताशिवाय सांभाळतो’ म्हणतात, ते खरे की नुसती समजूत? मी भूलतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षे अतिदक्षता विभागात काम करतो. वहिनींचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्याबाबतचे निर्णय तिथल्या डॉक्टरांचेच; पण असे सांभाळणे शक्य असते आणि ते कसे करतात हे मी नक्की सांगू शकतो.

‘ओ गट तर सगळ्यांना चालतो, तोच द्या’ असे नातेवाईक पोटतिडकीने म्हणतात, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. ‘बॉम्बे’ गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम नोंदवला. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’सारखाच दिसतो, परंतु ओ गटाच्या पेशींवर जे ‘एच’ द्रव्य असते तेही या व्यक्तींच्या पेशींवर नसते आणि त्याविरुद्ध प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) मात्र त्यांच्या रक्तात आपोआपच तयार झालेली असतात. ओ गटाची पिशवी लावली तर त्या पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात आणि रुग्ण दगावू शकतो. म्हणजे आपल्या डॉक्टरांनी थांबून योग्यच केले आहे.

आता मूळ हिशोब. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहते, त्यामुळे १४ ग्रॅम असताना १०० मिलिलिटर रक्तात तो जवळजवळ १९ मिलिलिटर असतो आणि शांत पडलेले शरीर त्यातला सुमारे चौथा भागच वापरते. निसर्गाने ठेवलेली ही शिल्लक मोठी आहे. ४.२ ग्रॅमला मात्र हा आकडा ५.६ मिलिलिटरवर येतो, म्हणजे गरजेच्या जेमतेम काठावर. हृदय वेगाने आणि जोराने रक्त फिरवून ही तूट भरून काढते, पण त्यासाठी रक्तवाहिन्यांत पुरेसे द्रव असावे लागते आणि हृदय धडधाकट असावे लागते. म्हणून अशा रुग्णाला सलाईन मोजूनमापून देतात: कमी पडले तर रक्तदाब कोसळतो, जास्त झाले तर उरलेले रक्त आणखी पातळ होते.

याच टप्प्यावर एरवी नगण्य असलेली एक गोष्ट मोलाची ठरते. प्राणवायू थोडासा रक्तद्रवातही विरघळतो. साध्या हवेत तो १०० मिलिलिटरमागे ०.३ मिलिलिटर असतो. व्हेंटिलेटरवर प्राणवायूचे प्रमाण खूप वाढवले आणि फुप्फुसे चांगली असली, तर तो दीड मिलिलिटरपर्यंत जातो, म्हणजे जणू एक ग्रॅम हिमोग्लोबिन पदरात पडते. फार दिवस इतका प्राणवायू दिल्यास फुप्फुसांना इजा होते, त्यामुळे हा उपाय कठीण दिवसांपुरताच असतो. दुसरी बाजू मागणी कमी करण्याची. गाढ झोपेचे औषध देणे, श्वासाचे श्रम यंत्राकडे सोपवणे, गरज पडल्यास स्नायू सैल करणारे औषध वापरणे, ताप आणि थंडी वाजणे कटाक्षाने टाळणे, हे सारे त्यासाठीच. नुसता एक अंश सेल्सियस ताप चढला तरी शरीराची गरज दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. वहिनींना ‘मुद्दाम बेशुद्ध ठेवले आहे’ हे पाहून घाबरू नका. त्या झोपेतच त्यांचा प्राणवायू वाचतो आहे.

या सगळ्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा रक्त जाणे पूर्ण थांबलेले असते. गर्भाशयात फुगा ठेवणे, रक्तवाहिनी आतून बंद करणे किंवा शस्त्रक्रिया करणे, यांपैकी जे लागेल ते लवकर करावे लागते; इथे ‘थोडे थांबून पाहू’ परवडत नाही. ट्रानेक्झॅमिक अॅसिड हे साधे, स्वस्त औषध प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावात पहिल्या तीन तासांत दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात, हे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सुमारे २०,००० स्त्रियांवरील अभ्यासात दिसले.

आणखी एक गळती कोणाच्या लक्षात येत नाही, आणि तिच्याबद्दल मला मनापासून तळमळ आहे: आम्हीच तपासण्यांसाठी काढलेले रक्त. आयसीयूत रोज ४० ते ५० मिलिलिटर सहज जाते, म्हणजे आठवड्याभरात रक्तदात्याकडून घेतात तेवढी ३५० मिलिलिटरची अख्खी पिशवी. तान्ह्या बाळांसाठीच्या छोट्या नळ्या वापरणे आणि ज्या तपासणीने उपचार बदलणार नाहीत ती न करणे, एवढ्यानेही पुष्कळ रक्त वाचते. ही विनंती आपण डॉक्टरांना निःसंकोच करा. कोणी वाईट वाटून घेणार नाही.

नवे रक्त घडवण्याचे काम अस्थिमज्जेचे. नातेवाईक बीटाचा रस, खजूर, डाळिंब आणतात, त्यामागची माया मी जाणतो. पण गंभीर आजारात यकृतातून हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढते आणि ते आतड्यातून लोह आत येऊच देत नाही, त्यामुळे आहारातील लोह किंवा गोळ्या जवळजवळ वाया जातात. लोह शिरेतूनच द्यावे लागते. ५५ किलो वजनाच्या स्त्रीला ४.२ वरून १३ ग्रॅमपर्यंत न्यायचे आणि थोडा साठाही भरायचा, तर नेहमीच्या सूत्राने सुमारे १,६५० मिलिग्रॅम लोह लागते. जोराचा जंतुसंसर्ग चालू असेल तर मात्र डॉक्टर काही दिवस थांबतात. जोडीला अस्थिमज्जेला नव्या लाल पेशी घडवायला लावणाऱ्या एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शने, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ असते. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी आढळते की ते मी अहवालाची वाट न पाहता देतो. एरिथ्रोपोएटिनने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो आणि बाळंतिणीत तो मुळातच जास्त असतो, म्हणून त्यावर बारीक लक्ष ठेवावे लागते. परिणाम दिसायला पाच-सात दिवस लागतात. तोवरचे दिवस काढणे हाच खरा उपचार.

धोका लपवत नाही. धार्मिक कारणाने रक्त न घेणाऱ्या ३०० रुग्णांचा अभ्यास अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतर ज्यांचे हिमोग्लोबिन ७.१ ते ८ होते त्यांपैकी कोणी दगावले नाही, ४.१ ते ५ असलेल्यांपैकी मात्र सुमारे एक तृतीयांश दगावले. वहिनी तरुण आहेत, हृदय निरोगी असेल तर त्यांची बाजू त्याहून भक्कम असू शकते. तरीही जुळणारे रक्त मिळाले तर ते घ्यावेच. मी वर लिहिलेले उपाय त्याला पर्याय नाहीत, ते मिळेपर्यंतचा आधार आहेत.

म्हणून एक काम आजच करा. वहिनींच्या सख्ख्या भावंडांची ‘एच’ द्रव्याची तपासणी करून घ्या. हा गट आई-वडील दोघांकडून येतो, त्यामुळे प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता साधारण चारात एक असते, तर बाहेरच्या माणसांत ती आपल्या देशात दहा हजारांत एकाच्या आसपास. माझ्या एका रुग्णाचे हिमोग्लोबिन ३.४ वर असताना आम्ही नऊ दिवस असेच काढले. सहाव्या दिवशी नव्या पेशी वाढलेल्या दिसल्या, आणि नवव्या दिवशी गावाहून आलेल्या धाकट्या भावाचे रक्त जुळले.