वाचक विचारतात: बुरुड राजाचा कोट

प्रश्न: आमचे आजोबा नालासोपाऱ्याच्या स्तूपाला कायम 'बुरुड राजाचा कोट' म्हणायचे. मग स्तूप सापडला असं जे म्हणतात ते नक्की काय, आणि आत काय होतं? (एक वाचक, विरार)

उत्तर: आजोबा बरोबरच बोलत होते हो! टेकाड कुठे हरवलंच नव्हतं, गावाला ते माहीत होतं, फक्त कोणी बुरुड राजा होऊन गेला आणि हा त्याचा किल्ला अशी समजूत होती. खाली विटांचा बौद्ध स्तूप आहे हे कळलं १८८२ मध्ये, एप्रिलच्या उन्हात पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथे खणलं तेव्हा. हे मूळचे जुनागढचे, मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले, ब्राह्मी ही प्राचीन लिपी अगदी सहज वाचायचे. शोध म्हटलं की आपल्याला आधी एखादा साहेबच आठवतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता आतलं. मधोमध दगडाची गोल पेटी निघाली, तिच्यात तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि शेवटी इवलासा सोन्याचा. एवढं सगळं उघडून आत काय, तर सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याचे १३ बारीक तुकडे! घरी असते तर केरात गेले असते, पण हे बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे अशी श्रद्धा असणार असं पंडितजींचं मत. सोपाऱ्याचा 'पूर्ण' नावाचा व्यापारी भिक्षू झाला, त्याने चंदनाचा विहार बांधला आणि स्वतः बुद्ध तिथे आले अशी कथा बौद्ध ग्रंथांत आहेच, म्हणजे ते मत काही हवेतलं नव्हतं.

मला जास्त मजा वाटते ती पुढची. सोबत चांदीचं एक नाणं होतं, यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचं, म्हणजे साधारण दुसऱ्या शतकाच्या शेवटचं, पण तांब्याच्या करंड्याभोवती ज्या ८ ब्राँझच्या मूर्ती मांडलेल्या होत्या, ७ मानुषी बुद्ध (म्हणजे माणूस म्हणून होऊन गेलेले बुद्ध) आणि आठवा मैत्रेय, म्हणजे पुढे येणारा बुद्ध, त्या आठव्या-नवव्या शतकातल्या मानतात. म्हणजे मधे कधीतरी कोणीतरी स्तूप उघडला, आतलं काही नेलं नाही, उलट मूर्ती ठेवून परत बंद केला.

त्याच साली सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला, नवव्याचा तुकडा यायला १९५६ उजाडलं, तो भुईगावजवळ. आठव्या लेखात राजा म्हणतो, पूर्वीचे राजे शिकारीला, मौजेला फिरायचे, मी धर्मयात्रेला जातो.

करंडे आणि मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या. जागेवर आता विटांचा ढीग आहे, बघायला गेलात तर सोन्याची अपेक्षा ठेवू नका, आणि वाट विचारताना आजोबांचं 'बुरुड राजाचा कोट' हे नावही वापरून बघा.